अजून कुठं बोलतोय

मेथीची जुडी कालची आहे की आजची यावरून सासूबाईंची, माईंची, आणि भाजीवाल्या बनुबाईची दारात जुंपली होती. शरयू आतल्या खोलीत प्रबंधाच्या टाइप करून आलेल्या पानांवर लाल पेन्सिलीने चुका काढत बसली होती. सहा वर्षं या प्रबंधाने तिचं रक्त आटवलं होतं. आता तो संपत आला होता आणि संपल्याचा आनंद होण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. शिरीष तिच्या पायाशी फरशीवर बसून डब्याचं झाकण फिरवत होता. झाकण गरगर फिरायचं, मंद व्हायचं, खडखडून आडवं पडायचं, की तो ते उचलून पुन्हा फिरवायचा. दारातून बनुबाईचा आवाज आला, "नातू लई देखना हाय माई. बोलतो का आता?" माई म्हणाल्या, "कुठला बोलतोय गं! साडेतीन वर्षांचा घोडा झाला, अजून आई म्हणत नाही." त्यावर बनुबाई मोठ्याने हसली. "म्हंजे लई बोलत आसंल! आमाला काय कळत न्हाई व्हय? लेकरू बोलाया लागलं का आमी बी असंच सांगतो समद्यास्नी. न्हाई बाई, अजून कुठं बोलतंय! उगं दिष्ट लागायची. माज्या नातीला तर मी मुकीच म्हनत हुते, आन ती घरात कुनाला बोलू द्यायची न्हाई." आणि तिने कानशिलांवर कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज आला. माईंनी तिला खोटं पाडलं नाही. त्यांनी मेथी घेतली आणि दार लावलं.

शरयूची पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली राहिली. आधी तिला काही कळलंच नाही. मग डोळ्यांपुढच्या पानावरचं वाक्य दिसायला लागलं. तिचंच वाक्य होतं. 'प्रस्तुत अभ्यासातील ग्रामीण बालकांचा भाषिक विकास अपेक्षेपेक्षा लक्षणीयरीत्या मंद असल्याचे आढळते.' लक्षणीयरीत्या. हा शब्द पुण्याच्या सरांनी सुचवला होता. तिने नुसतं 'बराच' लिहिलं होतं तेव्हा सर म्हणाले होते, "शरयूबाई, तुमच्या हाताला घबाड लागलंय आणि तुम्ही भाजीवाल्यासारखं बराच काय म्हणता?" सर स्वतः कधी जामखेडच्या बाजूला गेले नव्हते. पण मुलांबद्दल परदेशात छापून आलेलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं, आणि तिथली मुलं कोणत्या महिन्यात काय करतात हे ते आपल्याच नातवंडांबद्दल बोलावं तसं सांगायचे. त्या मुलांच्या मापाने इथली मुलं मोजायची, एवढंच तिचं काम. अजून कुठं बोलतंय. हे वाक्य तिने किती आयांच्या तोंडून ऐकलं होतं. हेच वाक्य, असंच मान किंचित तिरकी करून, नजर दुसरीकडे नेऊन.

दिवाळीच्या सुट्टीत ती जामखेडच्या पुढे खडीच्या कामावर गेली होती. दुष्काळ पडलेला, गावंच्या गावं खडी फोडायला बसलेली. एका जागी इतक्या लेकुरवाळ्या बायका एरवी कुठे भेटल्या असत्या? हा विचार आला तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली होती, पण ती गेली होती. मोठ्या निंबाखाली झोळ्या बांधलेल्या. लंकाबाई नावाची एक म्हातारी सगळ्या पोरांना सांभाळायची, म्हणजे एका हाताने एक झोळी हलवायची आणि दुसऱ्या हाताने रांगणाऱ्याच्या तोंडातला खडा काढायची. शरयूने पिशवीतून लाकडी ठोकळे काढले, रंगीत मणी काढले, चित्रं काढली. पोरं ठोकळ्यांशी खेळली. मणी ओवले, दोन मणी एकाने गिळायचा बेत केला, तेवढ्यावर निभावलं. पण बोलायची वेळ आली की सगळी मिठाची गुळणी धरून बसायची. पायातल्या चपला, खांद्यावरची पर्स, हातावरचं घड्याळ बघत राहायची आणि ओठ घट्ट मिटायची. पद्धतीत यावर तोड होतीच. मूल परक्यापुढे बोलत नसेल तर आईला विचारावे. तिने आयांना विचारलं. दोन शब्द जोडून बोलतो का? न्हाई बाई. वस्तूचं नाव सांगते का? अजून कुठं. एखादी बोलताना कानशिलाशी बोटं मोडायचीसुद्धा. शरयूला ती लाज वाटली होती, गरिबाच्या पोराची गरिबाला वाटणारी लाज. तिने प्रबंधात तसं लिहिलंही होतं, 'मातांच्या स्वरात खंत जाणवली.' आणि ते वाक्य आपल्याला फार छान साधलं आहे असं तिला वाटलं होतं.

तिला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? तिची स्वतःची आई, कोणी बाळसं छान आहे म्हटलं की लगेच म्हणायची, कसलं बाळसं, सूज आहे ती. शिरीष झाला तेव्हा त्याच्या गालावर तीट लावायला शरयू कधी विसरली नव्हती. कॉलेजातल्या बायकांनी दिवस गेलेत का विचारलं तेव्हा पाचव्या महिन्यापर्यंत तिने पित्त झालंय म्हणून सांगितलं होतं. घरात सगळं ठाऊक होतं. पण पिशवीत ठोकळे घालून एसटीत चढली की ती दुसरीच कोणी व्हायची. काजळाची डबी घरी राहायची. आणि हे तिला आज, या वयात, दारावरच्या बनुबाईने कळवावं, याचं तिला हसू यायला हवं होतं. झाकण खडखडून पडलं. शिरीषने ते उचललं. "शिरू," तिने हाक मारली. तो वळला नाही. ती पुन्हा म्हणाली, "शिरू, इकडे बघ." झाकण फिरायला लागलं होतं आणि तो मान वाकडी करून त्याची कड बघत होता. तो बहिरा नव्हता. स्वयंपाकघरात बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरचुरला तरी तो उठून जायचा. पाणी हवं असलं की तो येऊन तिचं मनगट धरायचा आणि तिचा हात माठापर्यंत ओढत न्यायचा, तिच्या तोंडाकडे न बघता. हात तेवढा तिचा, बाकी ती नव्हतीच. तिचा नवरा वसंता म्हणायचा, "आमचे भाऊकाका पाच वर्षांचे होईपर्यंत मुके होते, पुढे वकील झाले आणि मग कुणाला बोलूच देईनात." हे तो आल्यागेल्याला सांगायचा. हल्ली ते सांगताना तो हसत नसे.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या वाचनालयात एक जाड पुस्तक चाळताना तिला एक प्रकरण लागलं होतं. पहिल्याच पानावर एका मुलाचं वर्णन होतं. तो ताटल्या फिरवायचा, हाकेला वळायचा नाही, माणसाचा हात हत्यारासारखा वापरायचा. तिने ते पान पूर्ण वाचलं नाही. पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायली. नंतर त्या कपाटाकडे ती फिरकली नाही. जगातल्या सगळ्या मुलांना लावायची मापं तिच्या पिशवीत होती आणि तिने ती एकदाही घरातल्या मुलाला लावली नव्हती. लावायची गरजच काय, असं ती स्वतःला म्हणायची. आणि दिवाळीपासून तर तिच्याकडे पुरावाच होता. खडीच्या कामावरची इतकी मुलं बोलत नाहीत, धडधाकट आहेत, पळतात, भांडतात, फक्त उशिरा बोलणार आहेत. त्यात राहीबाई नावाच्या मजूर बाईची पोरगी होती, कडी. नेमकी शिरीषच्या वयाची. मणी सगळ्यांत आधी तिने ओवले होते, आणि बोलायचं म्हटलं तर एक अक्षर नाही. "ही अजून आय बी म्हनत न्हाई," राहीबाईने सांगितलं होतं. त्या दिवशी परतीच्या गाडीत शरयू खिडकीला डोकं टेकून कितीतरी महिन्यांनी शांत झोपली होती. त्यानंतर शिरीषचं झाकण फिरायला लागलं की ती कडीला आठवायची. कडी पण नाही बोलत. या एका वाक्यावर तिने हिवाळा काढला होता.

संध्याकाळी तिने वसंताला सांगितलं, "मी उद्या जामखेडला जाऊन येते." तो म्हणाला, "आता? सोमवारी प्रबंध द्यायचाय ना?" ती म्हणाली, एक गोष्ट पडताळायची राहिली. त्याने जास्त विचारलं नाही. माई पोळ्या लाटत होत्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "सकाळी बनू काय बोलली ते मनावर घेऊ नकोस. त्या लोकांना काय कळतंय." त्यांनी लाटलेली पोळी तव्यावर टाकली. "मी खरं तेच सांगितलं गं तिला," माई म्हणाल्या, "सांगून टाकावंसं वाटलं कुणाला तरी. तर तिला ते खोटं वाटलं." शरयूने त्यांच्या पाठीकडे पाहिलं. या घरात तिघंही हे गेले कित्येक महिने जाणून आहेत, आणि तिघांनी ते एकमेकांपासून लपवलंय, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने तवा उतरवला आणि ताटं घेतली.

माळीवाड्याच्या स्टँडवरून सकाळची गाडी मिळाली. निघताना शिरीष खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत होता. इतरांची मुलं आई निघाली की पदर धरून रडतात, हा अनुभव तिने कॉलेजच्या वर्गात उदाहरण म्हणून कितीतरी वेळा शिकवला होता. गाडी चिचोंडी मागे टाकून आष्टीच्या रस्त्याला लागली. दोन्ही अंगांना जमीन उघडीबोडकी, झाडांना धूळ, मधेच एखाद्या विहिरीवर डोकावणाऱ्या बायका. शेजारचा म्हातारा पेंगत तिच्या खांद्यावर येत होता आणि तिने त्याला येऊ दिलं. आपण कशाला चाललो आहोत हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. सत्यासाठी, असं काही तिला म्हणता येईना. ती गप्प बसली असती तर पुण्यात कोणाला पत्ता लागला असता? सरांना नाही, परीक्षकांना नाही. पदवी मिळाली असती, पगार वाढला असता, दारावर पाटी लागली असती. ती चालली होती ती कडीसाठी. बनुबाई काहीही म्हणो, निदान कडी तरी खरोखरच बोलत नसावी. एका गरीब बाईचं पोर मुकं निघावं म्हणून ती पहाटे उठून, डबा घेऊन, धूळ खात चालली होती. हे इतकं स्पष्ट मनात आलं की तिने घाबरून आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना. म्हाताऱ्याचं डोकं तिच्या खांद्यावर जड झालं होतं. लाज वाटली, पण इच्छा काही जाईना.

ती पोचली तेव्हा दुपारच्या भाकरीची सुट्टी झाली होती. हातोड्या थांबल्या होत्या आणि त्यामुळे माळावर एकदम कान बधिर झाल्यासारखी शांतता होती. बायका गटागटाने बसल्या होत्या. शरयू रस्ता सोडून खडीच्या ढिगाऱ्यांमधून निंबाकडे निघाली. शेवटच्या ढिगाऱ्याच्या अलीकडे तिला आवाज ऐकू आला आणि ती जागच्या जागी थांबली. "खा की गं भवाने! पाला खा म्हनलं तर खाती का? पानी मागशील तर न्हाई मिळायचं. टँकर आला न्हाई अजून. आला ना, का मंग माजी आय आनील, आन मंग तुला दीन. पर आधी खा." पलीकडे कडी उकिडवी बसली होती, पाठमोरी, आणि एका मरतुकड्या शेळीच्या तोंडाशी निंबाचा डहाळा धरून तिला दम देत होती. शरयू ढिगाऱ्याला हात टेकून उभी राहिली. सवयीने तिच्या डोक्यात सगळं आपापल्या खणात जाऊन पडायला लागलं. शर्त घालणारी वाक्यं. पुढच्या काळाची क्रियापदं. आधी आणि मग. किती सुंदर बोलत होती पोरगी! क्षणभर तिला नुसता आनंद झाला, एखादा कसलेला गाणारा ऐकताना होतो तसा. मग तो ओसरला. हातावर खडीची पांढरी भुकटी लागली होती. तिला वाटलं, इथूनच मागे फिरावं. गाडी अजून फाट्यावरच असेल.

पण लंकाबाईने पाहिलं होतं. "कडे! आगं, त्या बाई आल्या बघ!" म्हातारी ओरडली, आणि कडीचं तोंड दिव्याची वात विझवावी तसं बंद झालं. ती उठली, वळली आणि ओठ मिटून शरयूच्या घड्याळाकडे बघायला लागली. राहीबाई पदराला हात पुसत आली. उन्हाने काळवंडलेली, पंचविशीची असेल, पण दात पुढे आल्यामुळे नेहमी हसतेय असं वाटायचं. "बसा बाई. या उनाचं कशापायी आला?" तिने गोणपाट अंथरलं. शरयू बसली. पिशवीतले ठोकळे तिने काढले नाहीत. ती म्हणाली, "राहीबाई, कडी बोलते." राहीबाईने लंकाबाईकडे पाहिलं. लंकाबाईने झोळीत डोकं घातलं. "ऐकलं व्हय तुमी," राहीबाई म्हणाली. "आता तुमच्याम्होरं कशाला खोटं बोलू? दिवाळीत बी बोलत हुती. दीड वर्साची झाली तवापास्नं हिचं तोंड बंद न्हाई." शरयूने विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?" प्रश्नात राग नव्हता, राग यायला जी ताकद लागते ती तिच्याकडे नव्हती. राहीबाई खडीचा एक तुकडा हातात घेऊन चोळत राहिली. "हिच्या आदीची दोन गेली बाई. ही ऱ्हायली म्हनून कडू नाव ठिवलं, कुनाला गोड लागू ने. ही बोलाया लागली ते मी माज्या जावंला बी सांगितलं न्हाई. आन तुमी तर कागदावर लिवत हुता. तोंडानं सांगितलेलं हितंच ऱ्हातं. कागद कुटवर जाईल, कुनाच्या नजरंखाली जाईल, आपल्याला काय ठावं? समद्याच बायांनी तसंच सांगितलं. तुमाला तरास झाला का काई?" शरयू म्हणाली, नाही. त्रास नाही झाला.

सोमवार, सर, लाल पेन्सिल, 'लक्षणीयरीत्या', ते सगळं कुठेतरी खूप लांब, दुसऱ्या कुणाच्या तरी घरात घडत असल्यासारखं वाटत होतं. भाषेचं प्रकरण काढून टाकावं लागेल. सर चिडतील, मग नरमतील, मग म्हणतील आणखी एक वर्ष घ्या. घेऊ. सहा गेली तिथे सातवं. तिच्या डोळ्यांसमोर फक्त झाकण फिरत होतं. आता त्याच्या सोबतीला कोणी नव्हतं. माळावरची ही सगळी पोरं, जी हिवाळाभर शिरीषच्या बाजूला उभी होती, एकेक करून बोलत बोलत पलीकडे निघून गेली होती, आणि तो एकटा खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत होता. राहीबाईने तांब्यातून पाणी दिलं, तळाशी थोडंच होतं. शरयू नको म्हणाली, मग तिचा हात तसाच पुढे राहिलेला पाहून दोन घोट प्याली. राहीबाई तिच्याशेजारी टेकली. चूक माफ झाली असं तिला वाटलं असावं, कारण तिचा आवाज मोकळा झाला. "तुमी मागच्या बारीला म्हनला हुता, तुमचा बी ल्योक हिच्यायेवढाच हाय. त्यो बोलत आसंल की चुरूचुरू. शिकलेल्या आयचं लेकरू."

"नाही बोलत," शरयू म्हणाली.

राहीबाई खळखळून हसली. "बगा! आता तुमी बी आमच्यातल्याच!" आणि तिने दोन्ही हात शरयूच्या तोंडावरून उतरवून आपल्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडली. "ऱ्हाऊ द्या. न्हाई इचारत. झाकलेलं बरं आसतं." लंकाबाईही झोळीआडून हसली. त्या हसण्यात किती माया होती. ते हसणं तसंच राहू द्यावं असं शरयूला फार वाटलं. इथे, या निंबाखाली, या दोघींपुरता तरी शिरीष चुरूचुरू बोलणारा मुलगा होता, इतका की त्याला नजरेपासून लपवावं लागत होतं. असं मूल असण्याचं सुख तिने क्षणभर भोगून घेतलं.

"राहीबाई," ती म्हणाली, "मी दृष्टीसाठी नाही सांगत. तो खरंच बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. मी घरातून निघते तेव्हा रडत नाही. परत आले तर येऊन बिलगत नाही. त्याला मी..." पुढचा शब्द तिला सापडेना. हे सगळं तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, वसंतालाही नाही, आणि सांगून झाल्यावर आवाज आपलाच आहे की नाही अशी तिला शंका आली. राहीबाईचं हसू लगेच गेलं नाही. ते आधी डोळ्यांतून गेलं, मग गालांतून, आणि पुढे आलेल्या दातांवर उगाच थोडा वेळ राहिलं. देव बरं करील असं ती म्हणाली नाही. तिने नुसता शरयूच्या गुडघ्यावर हात ठेवला, घट्ट्यांनी भरलेला, जड.

पाहुण्या बाईंचा कंटाळा येऊन कडी पुन्हा शेळीकडे वळली होती आणि आता घड्याळाची भीती मोडल्यामुळे जोरात बोलायला लागली होती. "टँकर आला का तुला दीन, मला दीन, आयला दीन, लंकाआज्जीला..." राहीबाई झटकन उठली. तिने पोरीला जवळ ओढलं आणि तळहात तिच्या तोंडावर दाबला. "गप, कडे. गप बस जरा." नजरेच्या भीतीने नव्हे. ते शरयूला बघताक्षणी कळलं. राहीबाई तिच्याकडे बघत होती आणि आपल्या लेकराचं बोलणं तिच्या कानी पडू नये म्हणून झाकत होती. कडी त्या हाताआड गुरगुरत होती, सुटायला धडपडत होती. शरयू उठून गेली. तिने राहीबाईचं मनगट धरलं आणि तिचा हात पोरीच्या तोंडावरून हळूच बाजूला केला. "बोलू द्या तिला," ती म्हणाली.

कडीने मोठा श्वास घेतला. शरयूच्या तोंडाकडे, थेट डोळ्यांत, तिने निरखून पाहिलं. मग आईच्या लुगड्याला धरून विचारलं, "आये, या बाई का रडत्यात?"

मग तिने तेच पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं.